दगडांची नोंदवही

झापोल्यार्नीपासून दहा किलोमीटरवर माझी नोकरी होती.
जमिनीतून वर आलेले दगड पुसायचे,
लाकडी पेटीत ओळीनं मांडायचे,
नोंदवहीत लिहायचं: तारीख, रंग, वजन, खोली.
तैसिया अर्खिपोव्ना, गोदाम दोन.
थंडीचा भत्ता वेगळा.

नवरा बोअरवर. प्रोखोर.
गरगरणाऱ्या यंत्राच्या अंगावर तळवा टेकून
सात किलोमीटर खालची बातमी सांगायचा:
आता मऊ लागलंय.
आता कुरकुरतंय.
घरी समोर बसलेल्या बाईपर्यंत
तो तळवा कधी पोचला नाही, ते असू दे.

भोक केवढं, तर सूप प्यायच्या ताटलीएवढं.
छिन्नी झिजली की सगळ्या नळ्या वर ओढायच्या,
एकेक उकलून उभी करायची,
नवी छिन्नी लावून पुन्हा जोडत जोडत सोडायच्या.
अठरा तास.
तेवढ्यात माझा पाव फुगायचा, भाजून व्हायचा, संपायचाही.

अप्तितीहून एक पोरगा आला, भूवैज्ञानिक, व्सेवोलोद.
चहाच्या टेबलावर उकडलेलं अंडं कापून म्हणाला,
हे कवच, हे प्रावरण, हा गाभा.
मला पटलं नाही.
अंड्यातून कुणाला तरी बाहेर यायचं असतं.
तो हसला, अंडं खाऊन टाकलं, नि दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली:
आधी सगळं वितळलेलं होतं, काकू.
लोखंड जड, ते बुडालं.
हलकं होतं ते तरंगलं, निवलं, त्याची साय धरली.
आपण सायीवर.

जड होतं ते आत गेलं आणि आतच राहिलं.
यात मला नवीन काही नव्हतं.

साय सलग नाही म्हणाला. तुकडे आहेत.
खालच्या उष्णतेवर सरकतात, भिडतात,
एक दुसऱ्याखाली मान घालतो.
हा आपला तुकडा कधीकाळी
विषुववृत्ताच्याही खाली होता.
बाहेर उणे एकतीस. खिडकीला आतून बर्फ.
मी शाल ओढून घेतली.
अजून सरकतोय?
वर्षाला बोटभर.
लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं. मनात हिशेब केला:
एक खुर्ची मागे घ्यावी, तेवढं अंतर.
आणि आमच्यातलं कुणी उठलंही नव्हतं.

कागदावर सातव्या किलोमीटरला काळा बेसॉल्ट होता.
आला नाही.
आला फुटका, भिजलेला, ग्रॅनाइटच्या जातीचा दगड,
पाणी असूच नये अशा जागी पाणी पिऊन बसलेला.
मोठे साहेब दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

मग त्या सप्टेंबरात नळ्या तुटल्या.
पाच किलोमीटर नळ्या आत राहिल्या त्या राहिल्याच.
सातापासून पुन्हा सुरुवात, थोडं बाजूनं.

पण मला सांगायचंय ते चकत्यांचं.
फार खोलचा दगड अखंड हाती येत नसे.
वर येता येता त्याच्या चकत्या होत,
धक्का नाही, घाव नाही,
नुसता दाब सुटला म्हणून.
पावणेतीनशे कोटी वर्षं जे ओझ्याखाली तडकलं नाही
ते माझ्या हातमोज्यात बिस्किटासारखं सुटायचं.
मी चकत्या क्रमानं लावायचे.
वरची कुठली, खालची कुठली,
कडा जुळवून बघायचे.

पुढे देशच मोडला, पगार थांबले, काम थांबलं.
भोकावर लोखंडी झाकण, त्यावर बोल्ट.
बारा किलोमीटर गेलो होतो.
गाभा सोडा, प्रावरणाचंही तोंड दिसलं नाही.
सायसुद्धा पुरती ओलांडली नव्हती.

प्रोखोर घरी बसला.
पहिला हिवाळा गप्प.
दुसऱ्या हिवाळ्यात, रात्री, चुलीपाशी,
बोलायला लागला.
बापाचं. धाकट्या भावाचं. आमच्या न जगलेल्या मुलीचं.
तुकडे तुकडे, मागचं पुढे,
मधले कितीतरी वाटेतच चुरा झालेले.
मी ऐकत गेले. क्रम लावत गेले.

जुनी नोंदवही निघाली, मागची पानं कोरी होती.
तारीख लिहिली.
रंग, वजन सोडून दिलं.
खोलीच्या रकान्यात बराच वेळ पेन थांबलं,
मग लिहिलं:
स्वयंपाकघर.